सेल्वीचं माहेर

२ ऑगस्ट ८७, रविवार

आईचा फोन. साताऱ्याहून लाइन इतकी खरखरत होती की आधी नुसतं "धनू गेला" एवढंच ऐकू आलं. मग कळलं, लंकेला गेला. अख्खी पलटण विमानात घालून नेली, सामान बांधायलाही धड वेळ दिला नाही. आईला लढाईचं काही नाही, आज मुलगी बघायला जायचं होतं ते राहिलं याचं दुःख. मेजर झाला तरी आमच्या घरात तो शेंडेफळच. मी दहा वर्षांनी मोठी, कडेवर घेऊन फिरवलाय त्याला.

नेहा: "इज मामा इन अ वॉर?" म्हटलं, वॉर नाही गं. तिथं सिंहली सरकार आणि तमिळ पोरं कित्येक वर्षं एकमेकांना मारतायत. आता करार झालाय. आपलं सैन्य मध्ये उभं राहणार आणि त्या पोरांची हत्यारं जमा करणार. "सो लाइक अ रेफरी?" हो बाई, रेफरी. पंधरा वर्षांच्या मुलीला याहून काय सांगायचं. मला तरी कुठं जास्त कळतं.

संध्याकाळी सेल्वी पायसम घेऊन दारात. ब्लड बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते, चार वर्षं आम्ही एका गाडीनं हॉस्पि.ला जातो. ती जाफन्याची. म्हणाली, "शैला, तुझ्या भावाला आमच्या लोकांनी हार घातले! बायका रस्त्यात येऊन ओवाळत होत्या!" आणि रडायला लागली. मग मीही. नवरोबा अशोक टीव्ही बंद करून बघत बसला आमच्याकडे.

१९ ऑगस्ट, बुध.

या आठवड्यात ड्राइव्ह करायची पाळी सेल्वीची. रूट एटीनवर ट्रॅफिक तुंबलेला, त्यामुळे तिचं अख्खं माहेर ऐकून झालं. वडील, अप्पा, गावच्या शाळेत गणित शिकवायचे. आता रिटायर. दमा आहे, पण ऐकतात कुणाचं? विहिरीच्या गार पाण्यानं अंघोळ. अम्मा त्यांच्याही आधी, चारला न्हाऊन, कुंकू लावून, देवापुढे दिवा. मग चुलीला हात. दोघंच राहतात. मुलं सगळी देशाबाहेर, एक इथं, एक लंडनला.

घरी आल्यावर धनूला पत्र. आईमार्फत पाठवावं लागतं. अप्पांचा पत्ता दिला आणि बजावलं, सवड झाली की जाऊन भेटून ये. माझ्या बहिणीसारखी आहे ती. रिकाम्या हातानं जाऊ नकोस. वाकून नमस्कार कर.

१३ सप्टें., रवि.

सेल्वी आणि तिचा नवरा जेवायला. जिलब्या घरी केल्या, आकाराच्या नावानं आनंद, चवीला बऱ्या. सेल्वीनं दोनवर हात आडवा धरला. "नो शैला, रिअली नो." मी तिचा हात बाजूला करून तिसरी वाढली, चौथी वाढली. म्हटलं, आमच्यात 'नको' हे म्हणायचंच असतं, तीनदा म्हटल्याशिवाय कुणी खरं मानत नाही. "यू आर अ बुली," म्हणाली आणि खाल्ली चौथी.

मग मी बाँब टाकला. आईनं फोनवर वाचून दाखवलेलं धनूचं पत्र: जाऊन आला! जीप दारात उभी केली, नारळ आणि बिस्किटाचे पुडे नेले, नमस्कार केला. अप्पांनी इंग्रजीत एक तास व्याख्यान दिलं, अम्मांनी तांदळाच्या शेवया खाऊ घातल्या. गल्लीतली सगळी पोरं जीपवर चढली होती. सेल्वीनं मला मिठी मारली, हाताला पाक लागलेला तसाच. माझ्या ड्रेसचे बारा वाजले. पण आज मी फार खूष आहे.

११ ऑक्टो., रवि.

फाटलं. काल रात्री त्या पोरांची आणि आपल्या सैन्याची जुंपली. इथल्या टीव्हीवर अर्धा मिनिट, नकाशावर एक ठिपका आणि लगेच बेसबॉल. अशोक म्हणतो, दोन-तीन दिवसांत आटपेल, कुठं ती पोरं आणि कुठं आपली आर्मी.

सेल्वीला फोन केला. दोघी "हॅलो" म्हणालो. पुढं काय बोलायचं? तिच्या गावावर माझा भाऊ तोफा डागतोय, किंवा तिच्या गावातली पोरं माझ्या भावावर. शेवटी मी विचारलं, उद्या गाडी कुणाची? म्हणाली, तुझी.

२२ ऑक्टो., गुरु. लक्ष्मीपूजन

दिवा लावला. बास.

गाडीत रेडिओ लावत नाही. आज सेल्वी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लोकांना घरं सोडून देवळांत, शाळांत जायला सांगितलंय. पण अप्पा जाणार नाहीत. पुस्तकं टाकून जाणार नाहीत ते." मी म्हटलं, धनूला घर माहीत आहे. मला वाटलं, धीर येईल तिला. आता लिहिताना कळतंय, कसलं भयंकर वाक्य होतं ते.

३१ ऑक्टो., शनि.

मंडळाचा दिवाळी कार्यक्रम. जायचं नव्हतं, पण चकल्या माझ्याकडे होत्या. बापट प्लेट हातात घेऊन: "जाफना घेतलं आपण! एका महिन्यात! दाखवून दिलं!" मी विचारलं, कुणाला दाखवून दिलं? शांतता करायला गेलो होतो ना? म्हणाले, "वहिनी, तुम्हाला तर अभिमान वाटायला पाहिजे." अभिमान? धनूचा पत्ता नाही. आई फोनवर नुसती "बघू, बघू" करते.

बापटांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. अशोक गाडीत म्हणाला, पुढच्या वर्षी चकल्या दुसऱ्या कुणाकडे देतील. द्या म्हणावं.

१८ नोव्हें., बुध.

धनू जिवंत! आईला तार. फक्त "ठीक आहे" एवढं. मी लॅबमध्येच खाली बसले. सुपरवायझर बिलनं पाणी आणून दिलं. तो व्हिएतनामला होता. माझी गोष्ट ऐकल्यावर सगळे विचारतात, कोण जिंकतंय. त्यानं विचारलं, "परत कधी येणार तो?"

सेल्वीला सांगायला गेले तर ती आधीच उभी. "आय ॲम ग्लॅड," म्हणाली, मनापासून म्हणाली. मग हळूच, "माझ्या आईवडलांचं काहीच कळत नाही. फोन नाही, पत्र नाही. लंडनलाही काही माहीत नाही. तुझा भाऊ... फक्त एवढंच बघेल का, आहेत का?"

आजच लिहिलं धनूला. जा. तांदूळ, दूध पावडर, जे मिळेल ते घेऊन जा.

१२ डिसें., शनि.

आहेत! दोघंही. घराचं एक छप्पर उडालंय, विहिरीत काहीबाही पडलंय, पण आहेत. धनूनं दोन पोती तांदूळ उतरवले, जवानांकडून छपरावर ताडपत्री घालून घेतली. अम्मा त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून रडल्या. आई हे सगळं फोनवर वाचून दाखवताना इतकी अभिमानानं वाचत होती की मी तिला दोनदा वाचायला लावलं.

सेल्वीला तेव्हाच फोन केला. पलीकडून नवऱ्याला हाक मारल्याचा आवाज, मग हुंदके. देवा, असं एक तरी काम माझ्या हातून झालं.

१७ जाने. ८८, रवि.

हळदीकुंकू. बाहेर बर्फ, दारात चपलांऐवजी बुटांचा ढीग. तिळगूळ यंदा दगड झाला, सगळ्या बायका सुपारीसारखा चघळत होत्या. सेल्वी नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी आली आणि सगळ्यात शेवटी गेली. पहिल्या वर्षी विचारलं होतं तिनं, मी चालेन का? म्हटलं, न चालायला काय झालं, कपाळ आहे ना तुला? तेव्हापासून एकही वर्ष चुकवलं नाही.

जाताना सांगितलं, अप्पांची धाप वाढलीये, तिथं औषध मिळत नाही. मी उद्याच फार्मसीतून दम्याचे पंप आणते. आईकडे कुणी जाणारं आहे का बघायला हवं. धनू पोचवेल.

९ फेब्रु., मंगळ.

गाडीत, पाळी माझी. सेल्वी म्हणाली, अप्पांचा निरोप आलाय लंडनमार्फत. तुझ्या भावाचे फार उपकार झाले. पण आता येण्याची तसदी घेऊ नये. "प्लीज टेल हिम, नो नीड टु कम."

"अगं, तसदी कसली!"

"नाही, खरंच नको. अप्पांना आता बरं आहे. पंप पण नको."

दमा कधी असा बरा होतो? लॅबमध्ये काम करते मी, मला शिकवते! संकोची माणसं. दुसऱ्याकडून घ्यायचं जिवावर येतं. माझे वडील, अण्णा, अगदी असेच होते, मरेपर्यंत कुणाचं घेतलं नाही. मी म्हटलं, तू गप्प बस, हे माझं आणि अप्पांचं आहे. ती गप्प बसली.

पंप गेले पण. बापटांची भाची सुटीला चालली होती. बापटांशी त्यासाठी गोड बोलावं लागलं, तेही केलं.

३ एप्रिल, रवि.

धनूनं पाडव्याला जाऊन पंप दिले. सोबत साखर. लिहितो, "मास्तर फारच संकोची आहेत. दारातच म्हणाले, डोंट ट्रबल, सन, प्लीज गो. मी म्हटलं, तुमच्या मुलीकडून आलंय, घ्यायलाच पाहिजे. आत जाऊन टेबलावर ठेवून आलो. चहा नाही केला या वेळी. गल्ली एकदम सुनसान, पोरं पण नव्हती जीपवर चढायला."

आई म्हणाली, शाळांना सुटी असेल.

१९ एप्रिल, मंगळ.

सेल्वी काल आली नाही, आज आली नाही. फोन उचलत नाहीत. लंच टाइममध्ये तिच्या घरी गेले. नवऱ्यानं दार उघडलं, आत घेतलं नाही. दारातच सांगितलं.

अप्पांना नेलं. आठवडा झाला. सायकलींवरून त्या पोरांपैकी चारजण आले. त्यातला एक अप्पांचाच विद्यार्थी. अम्मांना म्हणाले, सरांना थोडं विचारायचंय, परत आणून सोडतो. भारतीय आर्मीचा अधिकारी इथं का येतो? तांदूळ का देतो? पाया का पडतो? तुम्ही त्याला काय सांगता?

पंप टेबलावरच राहिले.

मी परत लॅबला आले. अख्खी दुपार पेशंटशी रक्त जुळवायचे क्रॉसमॅच केले, एकही चुकवला नाही. कसे केले माहीत नाही.

२० एप्रिल, बुध.

नको म्हणाली होती. गाडीत, माझ्या शेजारी बसून. दोनदा म्हणाली. ती मोजत असणार, तिसऱ्यांदा म्हटलं की शैला ऐकेल. आणि मी तिला तिसऱ्यांदा म्हणूच दिलं नाही, गप्प बस म्हटलं.

अशोक म्हणतो, तुझा काय दोष, तू चांगल्याच हेतूनं केलंस. हेतू! आग लागो त्या हेतूला. आपलं सैन्य तरी दुसऱ्या कुठल्या हेतूनं गेलं होतं?

२५ एप्रिल, सोम.

सेल्वी कामावर आली. गाडीत बसली. पाळी माझी होती. पार्किंगमध्ये इंजिन बंद केल्यावर मी म्हटलं, सेल्वी, मला माफ कर.

ती म्हणाली, "पहिल्यांदा मीच विचारलं होतं तुला. ते मी विसरत नाही. पण दुसऱ्यांदा मी नको म्हटलं होतं. यू नेव्हर टेक नो, शैला. तुम्ही लोक घेतच नाही."

तुम्ही लोक म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

८ मे, रवि.

मदर्स डे. नेहानं पॅनकेक केले, करपलेले. खाल्ले.

आईचा फोन. आवाजात उत्साह. धनूला कळलंय अप्पांचं. भयंकर चिडलाय. "सगळं गाव घेरलं म्हणे त्यानं! प्रत्येक घरातला जवान मुलगा बाहेर काढून उन्हात बसवला. म्हणतो, मास्तरांना कुणी नेलं ते सांगितल्याशिवाय एकाला सोडणार नाही. बघ, तुझ्या मैत्रिणीसाठी किती करतोय."

मी किंचाळले फोनवर. आई घाबरली. म्हटलं, त्याला थांबव. काही करू नकोस म्हणावं, काही म्हणजे काही नाही. आई म्हणते, "असं कसं सांगू त्याला? तो जिवावर उदार होऊन करतोय, आणि आपण..." लाइन तुटली. परत लागली नाही.

नेहा जिन्यात उभी. सगळं ऐकलं असणार. मराठी बोलत नाही, पण कळतं पोरीला. "मॉम, हू आस्क्ड देम टु गो देअर?" म्हटलं, दोन सरकारांनी. "नो, आय मीन मामा. टु द हाउस."

मी सांगितलं, मी.

११ मे, बुध.

सेल्वीला लंडनहून कळलंच. त्या गल्लीतल्या मुलांना आपल्या जवानांनी मारलं. एकाचा हात मोडला. शेजारणी आता अम्माशी बोलत नाहीत. विहिरीवर गेली तर उठून जातात. तिच्या नवऱ्यापायी आमची मुलं उन्हात बसली, म्हणतात.

आज गाडीतून उतरताना म्हणाली, अगदी शांतपणे, आवाज न चढवता: "तुझ्या भावाला एकच सांग. माझ्यासाठी काही करू नकोस. तांदूळ नको, शोध नको, चौकशी नको. माझ्या घराकडे बघूसुद्धा नकोस. दॅट इज द ओन्ली हेल्प आय वाँट."

लिहिलं पत्र. तीन ओळींचं. असलं पत्र भावाला आयुष्यात लिहिलं नव्हतं.

६ जून, सोम.

सेल्वीनं संध्याकाळची पाळी मागून घेतली. शेड्यूल बोर्डवर वाचलं. मला सांगितलं नाही. म्हणजे गाडी आता रोज माझीच.

१७ जुलै, रवि.

धनूचं उत्तर. पहिल्यांदाच थेट मला. अर्धं पान. "ताई, तू म्हणतेस तर जात नाही. पण मला समजावून सांग, मी चुकलो कुठं? उपाशी म्हाताऱ्यांना तांदूळ देऊ नये का?" पुढं एकदम: "माझा ऑर्डर्ली गेला. तोच त्यांची पोती उचलायचा. सुरुंग होता रस्त्यात. कोल्हापूरकडचा होता. आम्हाला हार घातले होते ना गं त्यांनी?"

बसले होते पेन घेऊन. मला तरी कोण समजावून सांगणार?

अप्पांची काहीच बातमी नाही. जिवंत असल्याची नाही, नसल्याची नाही. काही लोक वर्षभरानंही परत आलेत म्हणतात. काहींना दुसऱ्याच दिवशी सकाळी दिव्याच्या खांबाला बांधलेलं सापडलं. अप्पा खांबाला सापडले नाहीत, यावर सेल्वी जगते. हे तिच्या नवऱ्यानं सांगितलं, ग्रोसरी स्टोअरमध्ये भेटला तेव्हा. मान वळवून गेला नाही, थांबला, हीच मेहेरबानी.

सप्टें., गणपती

तारीख घालायचा कंटाळा. आरतीला सेल्वी नाही. मोदक पुष्कळ उरले. कुणालाच आग्रह केला नाही मी. बायका म्हणाल्या, बरं नाही का शैला? एक-एक मोदक खाऊन उठल्या. आग्रह केला नाही तर माणसं खरंच उपाशी उठतात की.

२४ नोव्हें., गुरु. थँक्सगिव्हिंग

शेजारच्यांकडे जेवण. टेबलाभोवती प्रत्येकानं सांगायचं, कशाबद्दल थँकफुल. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, भाऊ जिवंत आहे. त्यांनी विचारलं, हुज साइड इज ही ऑन? मी म्हटलं, सुरुवातीला दोघांच्या. सगळे हसले. मी काही विनोद केला नव्हता.

८ जाने. ८९, रवि.

धनू परत! घरी, साताऱ्याला! बदली झाली, सुटी मिळाली. त्याचा आवाज ऐकला आणि नुसतं रडू. तो मात्र कोरडा. हो. नाही. बरंय. मी म्हटलं, जेवलास का? म्हणाला, आई वाढतच असते.

मग त्यानंच काढलं. "ताई, तू रागावशील. मी निघायच्या आधी गेलो होतो तिथं."

"कुठं?"

"मास्तरांकडे. न सांगता कसं निघायचं गं? त्यांच्या घरचं खाल्लंय मी. जीप नव्हती नेली. गणवेशावर शाल घेतली, एकटाच चालत. नुकतं उजाडत होतं, रस्त्यात कुणी नव्हतं. अम्मांनी दार जरासं उघडलं. मी वाकलो. म्हटलं, येतो. त्यांनी बघितलं माझ्याकडे आणि दार लावून घेतलं." मग म्हणाला, "आजारी असाव्यात. फार वाळल्यात. कपाळाला पण काही नव्हतं. ते मोठं कुंकू लावायच्या ना, ते नव्हतं. ओळखूच आल्या नाहीत पहिल्यांदा."

मी विचारलं, नीट बघितलंस का? अंधार असेल. "बघितलं की. दोन हातांवर होत्या." त्याला कळलंच नाही तो काय सांगतोय. पुरुषांना कसं कळणार? नवरा हरवला म्हणून कुठली बाई कुंकू पुसते? उलट जास्त ठळक लावेल. पुसते ती कळल्यावरच. कुणीतरी येऊन सांगितलं असणार. किंवा दाखवलं असणार.

अशोकला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

१३ जाने., शुक्र.

सेल्वी नवीन वर्षापासून परत दिवसपाळीला आलीये. वेगळी येते, वेगळी जाते. टेबल मात्र शेजारी. आज तिला एवढंच सांगितलं, धनू बाहेर पडला तिथून. तिनं मान हलवली. ट्यूबवर लेबल लावत म्हणाली, "गुड. तुझ्या आईला बरं वाटलं असेल."

पुढचं जिभेवर आलं होतं. लंडनच्या भावाला माहीत असेल का? माहीत असून तिला सांगत नसतील? आणि मी कोण सांगणारी? मी तरी खात्रीनं काय जाणते? धनू चुकला असेल. उजेड नव्हता. बाई रडून झोपली असेल, पुसलं गेलं असेल रात्रीत. शेजारणी नीट बोलेनात म्हणून वैतागून लावलं नसेल.

एकदा आगाऊपणा केला, तेवढा पुरे झाला. आता गप्प बसायचं. पण हे गप्प बसणं तरी बरोबर आहे का? देवा, काय करू ते सांग.

२२ जाने. ८९, रवि.

यंदा हळदीकुंकू करायचं नव्हतं. नेहा म्हणाली, "मॉम, प्लीज, डू समथिंग नॉर्मल." म्हणून केलं. आठ-दहा जणी. चारपर्यंत सगळ्या गेल्या.

करंडे आवरत होते, तर बेल. सेल्वी. कोटावर बर्फ, डोक्याला स्कार्फ. मी "ये" म्हणायचं विसरले. तीच आत आली. बूट काढले, नेहमीच्या जागी ठेवले. बसली नाही.

"तुझा भाऊ परत आलाय. येण्याआधी तो अम्माकडे गेला असणार. मी नको म्हटलं होतं तरी. तुम्ही निरोप न घेता निघत नाही, मला माहीत आहे."

मी मान हलवली. खोटं बोलवेना.

"रागवायला नाही आले. लंडनचा भाऊ मला सांगतो, अम्मा ठीक आहे, अप्पांची वाट बघते. रोज हेच सांगतो. तू एकच सांग. तुझ्या भावानं अम्माला बघितलं का? तिच्या कपाळावर..." एवढं म्हणून स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि थांबली.

माझ्या हातात कुंकवाचा करंडा. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन फाटावी.

मी म्हटलं, "बघितलं. पण अगदी पहाटेची वेळ होती म्हणाला. उजाडत होतं. अंघोळ झाली नसेल अम्मांची."

सेल्वी माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही.

"अम्मा चारला अंघोळ करते," म्हणाली.

मला आठवलं. तिनंच सांगितलं होतं, गाडीत, पहिल्या ऑगस्टमध्ये. मी त्याच रात्री इथं लिहूनही ठेवलं होतं आणि साफ विसरून गेले. ती तशीच उभी. मग स्कार्फ मागं सरकवला आणि कपाळ पुढं केलं.

मी आधी हळद लावली, मग कुंकू. थोडं नाकावर सांडलं. तिनं पुसलं नाही. तिळगूळ दिला. एकच दिला. तिनं मुठीत धरला, खाल्ला नाही. बूट घालताना म्हणाली, "यू मे बी राइट. यू मे बी. थंडीत कधीकधी उशीर होतो तिला."

जाफन्यात कसली आलीये थंडी.

गाडी निघून गेली तरी मी दारातच. अशोक म्हणाला, दार लाव, हीट बाहेर जातीये.

उद्या सोमवार. जुन्या हिशेबानं पाळी माझी होते. सकाळी तिच्या दारापुढं जाऊन हॉर्न वाजवावा असं फार वाटतंय. पण ती नको म्हणाली नाही, आणि ये असंही म्हणाली नाही.